दुबार ठशाच्या नाण्यांचा शोध

अक्षरे दुहेरी उमटलेले नाणे हाती आले, की नवशिक्या संग्राहकाची पहिली धाव बाजारभावाच्या पुस्तकाकडे जाते, आणि तेथे दुबार ठशाच्या एखाद्या अमेरिकन सेंटपुढे छापलेला हजारो डॉलरांचा आकडा पाहून त्याची झोप उडते. वास्तविक त्या घटकेस त्याने पुस्तक मिटून नाणेच पाहावयास हवे असते; कारण दुहेरी दिसणारे नाणे आणि दुबार ठशाचे नाणे या सर्वस्वी निराळ्या वस्तू आहेत, पहिलीचा सुकाळ आहे तर दुसरी दुर्मीळ, आणि या दोहोंतील भेद कळण्यास व्याख्या पाठ करण्यापेक्षा, अशी नाणी टाकसाळीतून कोणत्या परिस्थितीत निसटली, ती कशी हेरली गेली आणि त्यांच्या अस्सलपणाची शहानिशा कशी झाली, या इतिहासाचाच अधिक उपयोग होतो. हा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेच्या टाकसाळींचा, आणि त्यातही लिंकनचे मुख असलेल्या एक सेंटच्या नाण्याचा आहे. सबब पुढील विवेचन त्याच नाण्यास धरून केले आहे.

प्रथम कारखान्यातील रीत समजावून घेतली पाहिजे. नाण्यावर दिसते तशीच सुलटी आणि उठावाची प्रतिमा असलेला पोलादी मातृठसा, ज्याला इंग्रजी पुस्तकांत हब म्हणतात, तो नरम पोलादाच्या तुकड्यावर प्रचंड दाबाखाली रेटला म्हणजे त्या तुकड्यावर उलटी, खोलगट प्रतिमा उमटते, आणि हा तुकडा कडक करून घेतला की तोच नाणी पाडण्याचा ठसा, म्हणजे डाय, होतो. परंतु पोलादाचा स्वभाव असा की दाब बसताच ते घट्ट होत जाते, आणि एका दाबात प्रतिमा पुरेशी खोल उतरत नसे; म्हणून अर्धवट उमटलेला ठसा भट्टीत तापवून सावकाश निववीत, तो पुन्हा नरम होई, आणि मग मातृठसा त्याच खाचांत नेमका बसवून दुसरा दाब देत. या दुसऱ्या वेळी मातृठसा केसभर फिरला वा सरकला, किंवा तो किंचित निराळ्या नक्षीचाच निघाला, म्हणजे पहिली प्रतिमा पुरती न बुजता तिच्या अंगास दुसरी उमटे, आणि त्या ठशाने पुढे जितकी नाणी पाडली जात तितक्या सर्वांवर हा दोष तंतोतंत सारखाच उतरे. कचेरीतील रबरी शिक्क्याची अक्षरेच दुहेरी कोरली गेली असतील तर प्रत्येक कागदावर तीच चूक उठेल, आणि शिपायाचा हात हलला असेल तर ती त्या एका कागदापुरती राहील. दुबार ठसा म्हणजे पहिला प्रकार, आणि नवशिक्याच्या पेटीत बहुधा जमा होतो तो दुसरा.

या दोषाकडे सर्वसामान्य अमेरिकन माणसाचे लक्ष वेधले ते १९५५ च्या सेंटने. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत त्या वर्षी सुमारे ३३ कोटी सेंट पाडले गेले, आणि एका रात्रपाळीत अनेक यंत्रांपैकी एकावर असा ठसा चढविला गेला, की ज्यावरील साल, लिबर्टी हा शब्द आणि वरच्या कडेचे ईश्वरनिष्ठेचे वचन ही सारी नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसावीत. तपासनिसाच्या ध्यानात ही गोष्ट येऊन यंत्र बंद होईतो सुमारे ४०,००० नाणी पडून गेली होती, आणि त्यांपैकी वीस ते चोवीस हजार इतर यंत्रांच्या निर्दोष नाण्यांत मिसळली होती, असे या प्रकरणाच्या कैफियतीत सांगितले जाते. वेगळी राहिलेली नाणी वितळविण्यास अडचण नव्हती. पण मिसळलेल्यांचा निकाल लावायचा तर चांगल्या नाण्यांचा मोठा ढीगच भट्टीत घालावा लागला असता, आणि एका सेंटच्या नाण्यापायी एवढी तसदी घेण्याची कोणाची तयारी नव्हती. अधिकाऱ्यांनी ती तशीच चलनात जाऊ दिली. सरकारी हलगर्जीपणाने संग्राहकांवर एवढे उपकार क्वचितच केले असतील!

ही नाणी लोकांच्या हाती पडली तीही मोठ्या गमतीच्या मार्गाने. त्या काळी सिगारेटचे पाकीट विक्रीयंत्रातून २३ सेंटांस मिळे, पण यंत्र घेई ते पाव डॉलरचे नाणे. तेव्हा ग्राहकाचे उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनाआड आधीच सरकवून ठेवीत. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील गावांत अशा पाकिटांतून कोऱ्या, तांबूस झळाळीच्या नाण्यांच्या जोड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्यांतील एखाद्यावर १९५५ हा आकडा स्वतःच्याच खांद्यावरून डोकावताना दिसू लागला. आरंभी व्यापाऱ्यांनी त्यांना पाव डॉलरच्या आसपास भाव दिला, नावही ‘सरकलेला सेंट’ असेच पडले. दोष ठशाचा आहे, मुद्रणाचा नव्हे, ही समजूत रुळण्यास आणि तिच्यामागोमाग भाव चढण्यास काही काळ जावा लागला.

या नाण्यावर दृष्टी स्थिरावून पाहिले तर पुढच्या सगळ्या तपासाची किल्ली मिळते. येथे दुसऱ्या दाबाच्या वेळी मातृठसा मध्यबिंदूभोवती किंचित फिरला होता. चाक फिरताना आसाजवळचा भाग थोडा आणि धावेचा भाग फार सरकतो त्या न्यायाने कडेची अक्षरे ठळकपणे दुहेरी झाली, तर मध्यावरील लिंकनचे मुख जवळजवळ अबाधित राहिले. मागील बाजूस गव्हाच्या दोन लोंब्या व मूल्य असते, ती मात्र पूर्णपणे निर्दोष. कारण तिचा ठसा निराळा. म्हणून १९५५ चे नाणे कोणी दाखविले आणि त्यावर एकटा शेवटचा पाचाचा आकडा तेवढा जाडसर वा दुहेरी असेल, तर ते या घराण्याचे नव्हे हे तेथेच ठरते. अमेरिकेत याला ‘गरिबाचा दुबार ठसा’ असे थट्टेने म्हणतात. ठसा वापरून झिजला म्हणजे त्यावरील आकड्यांच्या कडा फाकतात, त्याचा तो परिणाम, आणि त्याला संग्रहाच्या दृष्टीने फारसे मोल नाही. खऱ्या नाण्याची आणखी एक निशाणी मागील बाजूस आहे: सेंट या शब्दातील टी अक्षराच्या डाव्या अंगास ठसा घासताना उमटलेल्या अतिशय बारीक उभ्या रेघा भिंगाखाली दिसतात. बनावट नाण्यांचा सुळसुळाट पाहता ही निशाणी पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

ठसा ओळखण्याच्या या युक्तीचा खरा उपयोग १९७२ च्या सेंटच्या वेळी झाला. फिलाडेल्फियाहून त्या वर्षी एकच नव्हे, तर लहानमोठे दोष असलेले अनेक दुबार ठसे कामास लागले, आणि त्यांतील सर्वांत ठळक ठसा इतरांपासून वेगळा ओळखायचा कसा हा प्रश्न उपस्थित झाला. उत्तर मिळाले ते मागील बाजूच्या कडेवर: युनायटेड या शब्दातील डी अक्षराच्या वर, काठाला लागून, एक लहानसा उंचवटा आहे, जो ठशास पडलेल्या खाचेमुळे उमटला. येथे एक गोष्ट मनाशी पक्की बांधून ठेवावी. ठशावर खाच वा ओरखडा पडला तर तो नाण्यावर उंचवट्याच्या रूपाने उतरतो, आणि नाणे खिशात किल्ल्यांशी घासून पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो; बोटाच्या नखाने नव्हे, तर तिरप्या प्रकाशात भिंगाने पाहून हा भेद करावा. जोडीचा ठसा बदलला तर अशी निशाणी नाहीशीही होऊ शकते. म्हणून तिचा अभाव हा निर्णायक पुरावा नव्हे, पण तिची उपस्थिती हा मोठा दाखला आहे.

सर्वांत नाट्यमय इतिहास १९६९ च्या, सान फ्रान्सिस्कोच्या एस या अक्षरखुणेच्या सेंटचा. हे नाणे १९७० साली कॅलिफोर्नियात उजेडात आले तेव्हा काळ मोठा प्रतिकूल होता. कारण त्याच सुमारास दोघा इसमांनी १९६९ साल असलेले, पण टाकसाळीची खूण नसलेले, दुहेरी अक्षरांचे बनावट सेंट तयार केले होते आणि अर्थखात्याचे गुप्तसेवा दल त्यांच्या मागावर होते. परिणामी खरी दुबार ठशाची नाणीही संशयित ठरली, पहिल्या काहींवर जप्ती आली, आणि ती बनावट समजून नष्टही करण्यात आली. पुढे तज्ज्ञांनी शहानिशा केल्यावर ती टाकसाळीचीच असल्याचे मान्य झाले. पण भट्टीत गेलेली परत कोण आणणार? ज्या नाण्याचे नमुने मुळातच हाताच्या बोटांवर मोजावेत, त्याची दुर्मीळता सरकारी तत्परतेने अशी आणखी वाढविली.

या नाण्याच्या परीक्षेतूनच त्या काळच्या सेंटसाठी आजवर उपलब्ध असलेली सर्वांत खात्रीची कसोटी हाती येते. त्या वर्षांत सर्व टाकसाळींसाठी ठसे फिलाडेल्फियातच घडत, आणि मातृठशाचे दोन्ही दाब पूर्ण झाल्यावर टाकसाळीचे अक्षर तेवढे निराळ्या छिन्नीने हाताने ठोकीत. साहजिकच मातृठशाच्या सरकण्याशी त्या अक्षराचा काहीएक संबंध नसे. तेव्हा अस्सल नाण्यावर साल दुहेरी, लिबर्टी दुहेरी, वचन दुहेरी, पण एस मात्र एकेरी असला पाहिजे. आणि सालाबरोबर एसही त्याच दिशेने सरकलेला दिसला, तर दोष ठशाचा नसून नाणे पाडताना ठसा सैल बसून थरथरल्याचा आहे, असे निश्चित समजावे. १९६९ च्या सान फ्रान्सिस्कोच्या नाण्यांत हा दुसरा प्रकार विपुल आढळतो आणि दरवर्षी अनेकांच्या आशा त्यानेच मातीस मिळतात. अर्थात ही कसोटी १९९० च्या पूर्वीच्या सेंटपुरतीच लागू आहे. त्या वर्षापासून सेंटवरील टाकसाळीची खूण मूळ नक्षीतच सामील करण्यात आली, त्यामुळे ती आता बाकी नक्षीबरोबर दुहेरी होऊ शकते.

ज्यांच्यावर टाकसाळीची खूणच नसते त्या नाण्यांसाठी अक्षरांच्या घडणीकडे पाहावे लागते. मुद्रणाच्या वेळी सरकलेली छाप सपाट असते, पायरीसारखी. ती मूळ अक्षराच्याच अंगावरून घासून निघते, म्हणून अक्षराची रुंदी कमी होते किंवा फार तर तेवढीच राहते, आणि पायरीवर धातूची ताजी चकाकी दिसते. दुबार ठशाच्या अक्षरास मात्र दोन्ही प्रतिमांना गोलाई आणि उंची असते, अक्षर एकंदरीत रुंद होते, आणि त्याच्या टोकांशी, जेथे टी किंवा ई यांचे कोपरे संपतात तेथे, लहानशी खोबण पडून टोक दुभंगलेले दिसते. या दुभंगलेल्या कोपऱ्यासाठीच भिंग हवे. सात ते दहा पट मोठे दाखविणारे जवाहिऱ्याचे भिंग पुरे. त्याहून मोठ्या भिंगात नवशिक्यास नसते ते दिसू लागते. दिवा समोर न ठेवता एका बाजूस ठेवावा, नाणे कडेने धरून सावकाश फिरवावे, आणि एकाच कोनातून दुहेरी दिसणाऱ्या अक्षरावर विश्वास ठेवू नये. नाणे धुण्याचा, चिंचेने वा राखेने उजळविण्याचा मोह आपल्या घरांत फार. दुर्मीळ नाण्याचे निम्म्याहून अधिक मोल त्या एका उत्साहात वाहून जाते.

काही नाणी टाकसाळीतून बाहेर पडून दशकेच्या दशके कोणाच्याही दृष्टीस पडली नाहीत, हीही या इतिहासातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. १९१६ च्या रानरेडा-छाप पाच सेंटच्या नाण्यावर संपूर्ण साल दुहेरी आहे, आणि तरी संग्राहकांत त्याचा बोलबाला होण्यास दीर्घ काळ लोटला. त्या नाण्यावर साल अशा उंच जागी होते की चलनात ते लवकर झिजे, आणि जे वाचताच येत नाही त्याचे दुहेरीपण कोण पाहणार? याउलट १९४२ च्या दहा सेंटवरील प्रकार १९४३ मध्येच उघडकीस आला. तेथे १९४१ च्या अखेरीस दोन्ही वर्षांचे ठसे एकाच वेळी तयार होत असताना एका ठशास पहिला दाब जुन्या सालाच्या आणि दुसरा नव्या सालाच्या मातृठशाचा बसला, त्यामुळे दोनाच्या आकड्यामागून एक हा आकडा स्पष्ट डोकावतो. डेन्व्हरच्या टाकसाळीच्या नाण्यावर हाच दोष अंधुक होता, आणि तो ओळखला गेला बऱ्याच वर्षांनी. जुन्या, चाळून झालेल्या समजल्या जाणाऱ्या नाण्यांतही शोधण्यास जागा उरते ती यामुळेच.

दोष शोधणे हा केवळ दैवाचा खेळ न राहता अभ्यासाचा विषय झाला तो १९७० नंतर. जॉन वेक्स्लर यांनी दुबार ठशांचा कोश दोन खंडांत, १९७८ आणि १९८१ साली, प्रसिद्ध केला. मातृठसा मध्याभोवती फिरला, कडेच्या एका बिंदूभोवती फिरला, सरळ सरकला, की निराळ्याच नक्षीचा होता, यावरून त्यांचे आठ वर्ग पाडण्याची पद्धती रूढ झाली. आणि बिल फिव्हाझ व जे. टी. स्टॅन्टन यांच्या १९९० च्या मार्गदर्शिकेने सामान्य संग्राहकास कोणत्या नाण्यावर नेमके कोठे पाहावे हे चित्रांसह सांगितले. दरम्यान १९८३ च्या सेंटची मागील बाजू, १९८४ च्या सेंटवर लिंकनच्या कानाखाली दिसणारी दुसरी पाळी, आणि १९९५ च्या सेंटवरील लिबर्टी व वचनाचे पहिले दोन शब्द, असे शोध लागत गेले. १९९५ चे नाणे इतक्या मोठ्या संख्येने बाहेर पडले की ते अनेकांस अक्षरशः सुट्या पैशांत मिळाले आणि वर्तमानपत्रांतून त्याची बातमी झळकली. साहजिकच त्याची किंमत मामुली राहिली. १९८२ च्या मध्यापासून सेंट जस्ताचे असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो, आणि अक्षरांच्या कडेस हा मुलामा फाटला म्हणजे खालच्या जस्ताची राखाडी रेघ दिसते. तीही दुहेरी अक्षराचा भास करते, हे या नंतरच्या नाण्यांबाबत विसरू नये.

१९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या टाकसाळींनी एकाच दाबात ठसा पुरा करण्याची यंत्रे आणली, आणि दुबार ठशांचा अध्याय संपला असे सर्वांस वाटले. तो संपला नाही. या पद्धतीत पोलादाच्या तुकड्याचे तोंड किंचित शंकूसारखे असते. मातृठसा टेकताना तो तुकडा तिरपा असला आणि दाब वाढताच सरळ बसला, तर आरंभीच्या स्पर्शाची पुसट प्रतिमा शंकूच्या टोकाशी, म्हणजे नाण्याच्या मध्यभागी, शिल्लक राहते. २००९ साली लिंकनच्या द्विशताब्दीनिमित्त काढलेल्या सेंटवर तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचताना दाखविला आहे. त्याच्या हाताला एखादे जादा बोट फुटल्याची नाणी मोठ्या संख्येने सापडली ती याच कारणाने. जुन्या नाण्यांत कडेची अक्षरे आणि नव्या नाण्यांत मध्यावरील चित्र, असा शोधाचा क्रम ठेवावा.

आपल्याकडील नाण्यांविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. मुंबईच्या टाकसाळीचा हिरा, हैदराबादचा तारा किंवा नॉयडाचा ठिपका सालाखाली पाहून अनेकजण एसची कसोटी तेथे लावू पाहतात. परंतु ती खूण ठशावर कोणत्या टप्प्यास आली हे ज्या नाण्याबाबत ठाऊक नाही, तेथे या कसोटीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, आणि अक्षरांच्या घडणीचाच विचार करावा हे बरे. दुहेरी दिसणारे रुपये आणि दोन रुपये पुष्कळ आढळतात, त्यांतील बरेचसे मुद्रणाच्या थरथरीचे असतात. अशा नाण्यांस लाखोंचा भाव देतो असे सांगून आधी कर, दलाली वा नोंदणीची रक्कम मागणाऱ्यांच्या नादी लागू नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, आपले नाव वापरून असे व्यवहार करणाऱ्यांविषयी जाहीर इशारा दिला आहे, आणि बँक या कामासाठी कोणाकडूनही शुल्क घेत नाही असे स्पष्ट केले आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांस ही वाट अधिक सुलभ आहे, कारण तेथे बँकेतून पन्नास सेंटांच्या गुंडाळ्या दर्शनी किमतीस मिळत आल्या आहेत, आणि १९६९ च्या सान फ्रान्सिस्को सेंटचा एक उत्तम नमुना २००७ साली एका संग्राहकास न उघडलेल्या गुंडाळीत मिळून पुढच्याच वर्षी १,२६,५०० डॉलरांस विकला गेला. असा नमुना मिळालाच तर तो परस्पर विकण्यापूर्वी पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारख्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे पाठवावा, आणि अर्जात ठशाचा प्रकार नोंदवून द्यावा अशी स्वतंत्र मागणी लिहावी. ती न लिहिल्यास नाण्याची केवळ अवस्था नोंदली जाऊन ज्यासाठी खटाटोप केला तीच गोष्ट वगळली जाण्याचा संभव असतो. चलनासाठीचे सेंट पाडणे अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबविले असल्याने या गुंडाळ्या यापुढे विरळ होत जातील. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या आताच घ्याव्यात, १९८२ पूर्वीची तांब्याची नाणी वजनावरून, म्हणजे ३.११ ग्रॅम भरणारी, प्रथम वेगळी काढावीत, आणि त्या ढिगातून १९६९ व १९७२ ही साले आधी हातात घ्यावीत.